आईचा वेग

रविवारी दुपारी नव्या टर्नटेबलवर आईची रेकॉर्ड लावली आणि कुणीतरी भलतीच बाई गायला लागली. मी घाबरून सुई उचलली. रेकॉर्ड हातात घेऊन लेबल वाचलं. लेबल तेच, कडेला चहाचा डाग पडलेलं, आणि शेवटच्या ओळीत बारीक अक्षरांत आईचं नाव, यमुना. पुन्हा लावली. पुन्हा तीच बाई. आवाज पातळ, चुणचुणीत, शाळा सुटायच्या घंटेकडं अर्धं लक्ष असल्यासारखा. आतून माझी बायको, निलम, ओरडली, "अहो, अदितीचा फोन आहे का? मला न देता एकटेच काय बोलत बसलाय?" अदिती आमची मुलगी, पुण्याला असते. मी म्हटलं, फोन नाही, रेकॉर्ड आहे. "कुणाची?" "आईची." निलम हात पुसत दारात आली. दोन ओळी ऐकल्या आणि मान हलवून म्हणाली, "ह्या नव्हेत त्या. तुमच्या आई भारदस्त होत्या." लग्न होऊन घरात आली तेव्हापासून तिनंही तोच आवाज ऐकला होता. माझी सासू बरी, महिन्यातून एकदा गाते आणि एरवी कशात तोंड घालत नाही, असं ती चारचौघांत सांगायची. आता तीही पाहुणी बाई दारात उभी असल्यासारखी संकोचून बघत राहिली आणि मग गॅस बंद करायला आत गेली.

तयारीत मी काही कमी ठेवलं नव्हतं. अदितीला सातवा महिना लागला तेव्हा तिनं फोनवर मागणी केली, "बाबा, आजीचं गाणं पाठव ना. बाळाला तेच लावणार मी. पण चांगल्या क्वालिटीत पाठव हां, फोन समोर धरून केलेलं नको." फोन समोर धरून करणारा माणूस मी नव्हेच. तलासरीच्या कचेरीत दिवसभर जन्म-मृत्यूचे दाखले देणारा कारकून असलो, तरी आवाजाच्या बाबतीत मी महाखडूस आहे. लग्नाच्या हॉलमध्ये स्पीकर फाटलेला असला तर जेवण सोडून उठतो. चांगलं टर्नटेबल घेतलं, नवी सुई घेतली, लॅपटॉपला जोडायचा तो छोटा डबा घेतला. रेकॉर्ड डिस्टिल्ड वॉटरनं धुतली, मऊ ब्रशनं, खाचांच्या दिशेनं, आणि ताटाच्या स्टँडमध्ये उभी वाळवली. आमचं घर रेल्वेलाइनला लागून. मालगाडी गेली की फरशीतून हादरा येतो आणि तो सुईला बरोबर कळतो, म्हणून टर्नटेबलखाली कडाप्पा ठेवला आणि त्याखाली जुन्या ट्यूबचे तुकडे. पंखा बंद. मिक्सरला बंदी. दोन गाड्यांच्या मधली शांतता धरून, घामानं निथळत, मी आईची वाट बघत बसलो होतो. दोन वर्षं तिचा आवाज ऐकला नव्हता. माझे वडील, अण्णा, गेले त्याच पावसाळ्यात जुनं मशीन बंद पडलं होतं, आणि तेव्हापासून मी ही रेकॉर्ड नुसती काढून बघायचो आणि परत पाकिटात ठेवायचो.

मला आई म्हणजे एवढंच. ती गेली तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. तिचा हात आठवत नाही, चेहरा आठवत नाही. ती धाकट्या डहाणूच्या शाळेत शिकवायची. मुंबईच्या कुठल्याशा संस्थेनं शिक्षिकांनी म्हटलेल्या मुलांच्या गाण्यांची एक छोटी, पंचेचाळीसच्या वेगाची रेकॉर्ड काढली, त्यात तिचं एक गाणं घेतलं. गाणं तिनंच जुळवलेलं. *वारा निजला, खाडी निजली, होड्या निजल्या बंदराला. तुझाच राजा डोळा जागा, हाक मारू मी कोणाला.* शेवटच्या ओळीआधी ती थांबते आणि तिथं एक हुंदका आहे. दबलेला, गिळलेला, पण आहे. त्या हुंदक्यावर मी सबंध आई उभी केली होती. भरल्या अंगाची, सावकाश चालणारी, कपाळावर मोठं कुंकू, सगळं काही आधीच कळून चुकलेली बाई. आपण फार दिवस नाही हे तिला ठाऊक होतं आणि म्हणून हाक मारू मी कोणाला म्हणताना तिचा गळा भरून आला, असं मी धरून चाललो होतो. भिंतीवरच्या फोटोत एक किडकिडीत, दोन वेण्यांची पोरगी उभी आहे. फोटो आणि आवाज कधी जुळले नाहीत. मी फोटोला दोष दिला. फोटो काय, एका क्षणाचा असतो, उजेड वाईट असेल, असं स्वतःला सांगत आलो.

रेकॉर्ड वेगानं फिरतेय, दुसरं काय असणार, असं मानून मी टर्नटेबल पडवीत नेलं. तिथं अजून चोकवाली जुनी ट्यूब आहे. तिच्या उजेडात रेघांची कागदी चकती फिरवली की वेग बरोबर असेल तर रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. चकती फिरली. रेघा उभ्या राहिल्या, तसूभर हलेनात. मशीन बरोबर होतं. मी तिथंच स्टुलावर बसलो. समोरून एक लांबलचक मालगाडी गेली, तिचे डबे संपेनात. मग माळ्यावर चढलो आणि जुनं मशीन खाली काढलं.

ते मशीन अर्देशीरशेठनं अण्णांना दिलं होतं. अण्णा रेल्वेत सिग्नलच्या खात्यात. शेठची चिकूवाडी लाइनच्या कडेला, आणि अमेरिकेतल्या भावानं पाठवलेल्या सामानानं त्याचं घर भरलेलं. "घेऊन जा, मास्तर, तुमच्या वाइफची रेकॉर्ड पोरांना ऐकव," असं म्हणून त्यानं ते सायकलच्या कॅरिअरवर बांधून दिलं, आई गेल्यानंतर थोड्याच दिवसांनी. आपल्याकडच्या विजेवर ते जळालं असतं, म्हणून अण्णांनी स्वतःच्या हातानं तारा गुंडाळून ट्रान्सफॉर्मर केला. तो लोखंडी ठोकळा शेजारी बसून घूं करत राहायचा, गाणं सुरू होण्याआधी घूं, संपल्यावरही घूं. मला तो घूं आईचाच भाग वाटायचा. आता मशीन उलटं करून बॅटरीच्या उजेडात तळाची पत्र्याची पट्टी वाचली. व्होल्ट एकशे सतरा. सायकल साठ. सायकल म्हणजे विजेचे सेकंदाला हेलकावे, आपल्याकडं पन्नास, तिकडं साठ, आणि असली मोटर त्या हेलकाव्यांवरच फिरते. व्होल्ट ट्रान्सफॉर्मरनं बदलले होते. सायकल कोण बदलणार? तिथं मोटरच्या दांड्यावरची पुली बदलावी लागते, आणि ती बदललेली नव्हती. म्हणजे आमच्या घरी सहा पावलं टाकायच्या वेळात प्रत्येक गाणं पाचच पावलं चालत होतं.

आणि हे मला अगदीच ठाऊक नव्हतं असंही नाही, हीच तर गंमत. लहानपणी मी विचारलं होतं, अण्णा, आपल्या रेकॉर्डवरचंच गाणं रेडिओवर एवढं भराभरा का म्हणतात? अण्णा दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, "त्यांना मग बातम्या द्यायच्या असतात ना, म्हणून घाई." मला पटलं. शाळेच्या गॅदरिंगला मी एक गाणं घरच्या चालीनं म्हटलं तेव्हा पेटीवाले गुरुजी मधेच थांबून म्हणाले, अरे, मयताला चाललायस का? सगळे हसले. कॉलेजात गेल्यावर कळलं की आपलं मशीन मंद आहे. जुनं झालं, मोटर दमली, असं वाटलं. पण बाकीच्या रेकॉर्डी मंद वाजतात तर आईचीही मंदच वाजत असणार, एवढा साधा हिशेब डोक्यात कधी आलाच नाही. त्या गाण्यांना दुसरीकडं कुठंतरी खरा आवाज होता. आईला दुसरीकडं कुठं असणार? ती फक्त आमच्याकडंच होती.

पुढचे दोन-तीन दिवस मी कचेरीत होतो आणि नव्हतो. एका माणसाला दाखला देताना त्याच्या आईच्या नावापुढं यमुना लिहिलं, त्यानं परत आणून दिला. संध्याकाळी घरी येऊन कानाला हेडफोन लावायचो आणि ती नवी बाई ऐकायचो. रेकॉर्डिंग फारच सुंदर झालं होतं, तेच दुखत होतं. एक खरखर नाही, मागं घूं नाही. ओठ उघडल्याचा आवाज येतो, बांगडी पेटीच्या लाकडाला लागल्याचा आवाज येतो. आणि शेवटच्या ओळीआधी जिथं हुंदका, तिथं हुंदका नव्हताच. ती हसत होती. हसू आलं, ते दाबलं, आणि दाबलेल्या हसण्यातूनच हाक मारू मी कोणाला म्हणून मोकळी झाली. माझ्या बापजन्मी मी एवढा पोरका झालो नव्हतो. बावन्न वर्षांच्या माणसानं आई गेली म्हणून कुणापाशी रडावं? लोक म्हणतील, कधी? बुधवारी मी लॅपटॉपवर तेच गाणं सहास पाच या वेगानं करून बघितलं. एक बटण, बस. आणि आई आली. जड, सावकाश, हुंदक्यासकट. मी टेबलावर डोकं ठेवून रडलो. निलमनं बाहेरून विचारलं, "सापडल्या का?" मी म्हटलं, हो. पण रडून झाल्यावर लक्षात आलं की आता ही मी केलेली आहे.

अदितीचा रोज मेसेज, बाबा झालं का? दोन्ही फाइली फोनवर तयार होत्या आणि मी एकही पाठवत नव्हतो. खोटी पाठवली तर पुढच्या पिढीलाही ती खोटी बाई थोपटून निजवणार. खरी पाठवली तर माझी आई माझ्याबरोबर संपणार. तिला प्रत्यक्ष ऐकलेलं माणूस आता एकच उरलं होतं, माझी मोठी बहीण. ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. उधव्याच्या शाळेत नोकरी केली, तिथंच घर बांधलं, निवृत्त झाली तरी तिथंच राहिली. आमचं तसं बरं आहे, पण आईच्या बाबतीत तिच्यावर माझा राग होता. अण्णांनी रेकॉर्ड काढली की ताई उठायची. लहान होती तेव्हा अंगणात जायची, मोठी झाल्यावर तिला नेमकं तेव्हाच दूध आणायचं आठवायचं. दगड आहे, असं मी निलमला किती वेळा तरी म्हटलं असेन. शनिवारी सुट्टी होती. तलासरीला बस सोडली आणि उधव्याची जीप धरली.

ताई ओट्यावर चवळीचं ताट घेऊन बसली होती. फोन कानाशी, डोळे मिटलेले. मला बघून हातानंच बस म्हणाली आणि बराच वेळ नुसतं हं, हं करत राहिली. पलीकडं अदिती होती. तिची बडबड मला पायरीवरून ऐकू येत होती, डॉक्टर, पाय सुजणं, नवऱ्याचा विसरभोळेपणा. फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "रोज काय बोलता गं एवढं?" ताई म्हणाली, "मी कुठं बोलते? तीच बोलते नी. मी ऐकते. चा ठेवू ना तुला?" इतकी वर्षं गुजरातच्या बॉर्डरवर राहून ताईचं बोलणं अर्धं तिकडचं झालंय, आम्ही तिला त्यावरून चिडवतो. त्या दिवशी मला चिडवायला सुचलं नाही.

"ताई, तुला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"काय?"

"आईची रेकॉर्ड हळू वाजत होती ते."

ती चवळीतला खडा काढत होती, तो काढून टाकला. "ठाऊक म्हणजे? अकरा वर्षं मी त्या बाईचा ओरडा खाल्लाय, लल्या. मला नाही कळणार?"

"मग बोलली नाहीस कधी."

"अण्णांना बोलले. पहिल्याच दिवशी. म्हटलं, अण्णा, ही आई नाही, ही कावीळ झालेली आई आहे. शेवटी शेवटी ती अशीच बोलायची, एक एक शब्द ओढून. मी उशाशी असायचे ना. तो आवाज परत घरात आला तर मला बसवेना. अण्णा म्हणाले, माहीत आहे गं बाळा, पुली बदलायला हवी, करून आणतो." आत दूध तापत होतं, ते बघायला उठली आणि मी तिच्या मागं स्वयंपाकघरात गेलो. माझ्याकडं पाठ करूनच ती पुढचं बोलली. "आणली त्यांनी. वलसाडला कुणाकडून तरी घडवून. पण तोवर दोन महिने गेले होते. तू झोपायचा नाहीस बघ, आई गेल्यापासून. ती रेकॉर्ड लावली की झोपायचास. अण्णांनी पुली बसवली, गाणं लावलं, आणि आई आली. आपली आई. मी धावत आले. आणि तू किंचाळायला लागलास. ही नको, ही नको, माझी आई लावा. निळा पडलास रडून. अण्णांनी परत स्क्रू खोलले."

मला यातलं काहीच आठवत नव्हतं. आठवावं म्हणून मी डोळे ताणून त्या स्वयंपाकघराच्या भिंतीकडं बघत होतो, जणू तिथं ते दिसेल. घरात आई आली होती आणि मी तिला हाकललं होतं. "मग तुझ्यासाठी तरी," मी म्हटलं, "कधी तरी, मी शाळेत असताना..."

"म्हटलं होतं अण्णांनी. तुला नंतर लावून देईन म्हणाले. लावली नाही. एकदा मी भांडले, तर म्हणाले, राहू दे ना, हळू आहे तर तेवढाच जास्त वेळ गाते ती. मग मी नाही भांडले." तिनं गॅस बंद केला. शिवणाचा डबा फळीवर होता, तो काढला, बटणं बाजूला सारली आणि माझ्या हातावर एक पितळेची गोल चकती ठेवली, मधे भोक, बोटाच्या पेराएवढी. "तीच पुली. मी मागून घेतली होती. लग्नातही बरोबर आणली." चकती घासून घासून गुळगुळीत झाली होती, ती मोटरवर फिरून नव्हे.

मी खिशातून फोन काढला. बरोबर आणलेला छोटा स्पीकर गॅसशेजारी ठेवला, आणि खरी फाइल लावली. पेटीचा सूर आला तशी ताई होती तिथंच खाली बसली, जमिनीवर, गुडघे पोटाशी घेऊन. वारा निजला, खाडी निजली. साठ वर्षांची माझी बहीण, शाळेत जिच्या नावानं पोरं गप्प बसायची, ती ओठ हलवत होती. हसण्याची जागा आली आणि ती खदखदून हसली, डोळ्यांतून पाणी वाहत असताना. "ऐकलंस? हसली ती! मला बघून. मी गेले होते मुंबईला तिच्याबरोबर. काचेच्या पलीकडं बसवलं होतं मला, हलायचं नाही म्हणून. मी अशी नाक दाबून जीभ बाहेर काढली. नंतर काय मारलंय मला टॅक्सीत! पण परत नाही म्हटलं तिनं, तेच ठेवलं त्यांनी." ती पदरानं डोळे पुसत राहिली. "अगदी अदिती. ती हसते नी, तेव्हा मी फोन हातात घट्ट धरते."

म्हणजे ज्याच्यावर मी अख्खी आई बांधली, ते ताईचं होतं. आणि तिनं ते कधी मागितलं नाही. मी म्हटलं, "एकदा तरी सांगायचंस गं मला." ती म्हणाली, "काय सांगायचं? तुझ्याकडं एकच होती. ती कशी काढून घेऊ?" मी तिथंच बसून अदितीला फाइल पाठवली, खरी, सहास सहा. ताईनं बघितलं. मग म्हणाली, "आता तुझी लाव."

"नको."

"केली असशीलच तू. ओळखते मी तुला. लाव म्हणते ना."

मी लावली. पेटी खाली उतरली आणि माझी आई गायला लागली, भरलेल्या गळ्यानं, सावकाश. ताईचा चेहरा आक्रसला. तिचा हात जमिनीवर टेकलेला मी पाहिला, उठताना टेकतात तसा, आणि मी स्पीकरकडं हात नेला. तिनं माझं मनगट धरलं. होड्या निजल्या बंदराला. बाहेर कुणीतरी तिला बाई, बाई म्हणून हाक मारली, तिनं ओ दिली नाही. तुझाच राजा डोळा जागा. मग आई थांबली, हुंदक्यासाठी, आणि त्याच क्षणी ताईनं माझ्याकडं बघून नाक दाबलं आणि जीभ बाहेर काढली. मला हसू आलं. ते दाबता दाबता शेवटची ओळ निघून गेली. गाणं संपलं, पुढं थोडा वेळ नुसती शांतता रेकॉर्ड झाली होती, तीही वाजून संपली, आणि ताई अजून उठली नव्हती.